परदेशी सून, कोकणी मुसलमान घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या मोहल्ल्यात वाढलेली, व्यवसायाने वकील. भावाची बायको इंग्लंडची. त्यामुळे कुणा कोकणी मुलाचं परदेशात जुळलं की दोन्हीकडची माणसं मला गाठतात. मुलाची आई फोनवर कुजबुजते, मुलगी लांबलचक ईमेल धाडते, आणि ओळखीच्या हिंदू मैत्रिणी नुसत्या कुतूहलापोटी विचारतात. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून इथे एकत्र केले. कायदा सांगितलाय तो भारतातला. सौदी किंवा इराणी घरात लग्न करून जाणाऱ्या मुलीला यातलं फारसं लागू होत नाही, तिथली गणितं फार वेगळी आहेत.

१. ख्रिश्चन मुलीला निकाहाआधी मुसलमान व्हावंच लागतं का?

नाही. मुसलमान पुरुषाला ‘अहले किताब’ म्हणजे ख्रिश्चन किंवा ज्यू बाईशी निकाह करायला शरियतीची परवानगी आहे. मुसलमान बाईला मात्र गैरमुस्लिम पुरुषाशी नाही. पण गावात हे इतकं सरळ चालत नाही. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मजहबाचे (सुन्नी कायद्याच्या चार परंपरांपैकी एक), आणि शाफई फिकहमध्ये म्हणजे धर्मशास्त्रात अशा निकाहाच्या अटी हनफी या दुसऱ्या परंपरेपेक्षा कडक. त्यामुळे पुष्कळ काझी ‘कलमा पढवून घ्या, म्हणजे कटकट मिटली’ असा सल्ला देतात. दुसरी अडचण मुलीकडून येते. युरोपातल्या कितीतरी मुली नावापुरत्या ख्रिश्चन असतात, विचारलं तर ‘मी काहीच मानत नाही’ म्हणतात. काहीच न मानणारी बाई किताबी ठरत नाही. तिच्यासाठी स्पेशल मॅरेज ॲक्ट हा सरळ रस्ता (प्रश्न ३).

माझं मत विचाराल तर केवळ लग्न उरकण्यासाठी धर्मांतर करू नये. मनापासून स्वीकारला तर तो तिचा अधिकार. पण सासूच्या समाधानासाठी कलमा पढलेली मुलगी पुढे रोज तोलली जाते: नमाज का नाही, रोजा का सोडला. न पढलेलीकडून कुणी ती अपेक्षाच करत नाही. कायदेशीर गुंताही आहे, तो प्रश्न १९ मध्ये.

२. तिचे वडील निकाहात काय करतात? नुसते पाहुणे?

शाफई निकाहात मुलीचा वली म्हणजे तिला निकाहात देणारा पालक लागतोच, आणि वली म्हणजे आधी बाप. इथे एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. मुलगी ख्रिश्चन राहिली तर तिचा ख्रिश्चन बाप तिचा वली होऊ शकतो. तिने इस्लाम स्वीकारला, तर गैरमुस्लिम बाप वली राहत नाही, ती जागा काझीकडे जाते. म्हणजे धर्म बदलला की ज्या माणसाने वाढवलं त्याची निकाहातली जागा गेली.

आमच्याकडे वहिनीने धर्म बदलला नाही. तिचे वडील, रिटायर्ड प्लंबर, कोट घालून घामाघूम झालेले, काझीसाहेबांच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालायचा प्रयत्न करत होते. मांडी जमेना, तेव्हा माझ्या चुलत्यांनी गुडघ्याखाली उशी सरकवली. कागदावर इंग्रजीत लिहून दिलेलं वाक्य त्यांनी वाचलं: माझी मुलगी अमुक मेहरवर (नवऱ्याने बायकोला द्यायच्या रकमेवर, प्रश्न ६) तुम्हाला निकाहात दिली. भावाने ‘कबूल’ म्हटलं. दोन मुसलमान पुरुष साक्षीदार होते. एवढंच. बाकी बिर्याणी आणि मांडव ही हौस.

३. निकाह करावा, कोर्ट मॅरेज करावं, की दोन्ही?

दोन्ही. पण कुठल्या कागदावर लग्न उभं आहे हे कळून करावं, कारण पुढचे अर्धे प्रश्न त्यावर ठरतात.

नुसता निकाह केला तर तलाक, वारसा, दुसरं लग्न या सगळ्याला मुस्लिम वैयक्तिक कायदा लागतो. स्पेशल मॅरेज ॲक्ट, १९५४ खाली केलं तर कुणालाही धर्म बदलावा लागत नाही, घटस्फोट कोर्टातूनच होतो, नवऱ्याला दुसरं लग्न करता येत नाही आणि वारसा भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे ठरतो.

निकाह आधीच झालाय? काही बिघडलं नाही. त्याच कायद्याच्या कलम १५ खाली झालेलं लग्न नोंदवता येतं. अट अशी की विधी झालेला असावा, दोघं नवराबायको म्हणून राहत असावेत, दोघांनी २१ वर्षं पूर्ण केलेली असावीत आणि अर्जाआधी ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेले असावेत. नोंद झाली की कलम १८ प्रमाणे ते लग्न याच कायद्याखाली झालं असं धरतात.

आता सापळा. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत मिळतो तो ‘विवाह नोंदणी दाखला’ महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखालचा असतो. तो लग्न झाल्याची नोंद आहे, बस्स. त्याने तुमचा वैयक्तिक कायदा बदलत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या जोडप्याला वाटतं की हाच कोर्ट मॅरेजचा कागद. दाखल्याच्या माथ्यावर कुठल्या कायद्याचं नाव छापलंय ते वाचा. आत्ता उठून वाचा.

४. स्पेशल मॅरेज ॲक्टची नोटीस लागली की गावभर बोभाटा होतो. टाळता येते का?

नाही. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात आधीचे ३० दिवस काढलेले असावे लागतात, आणि नोटीस प्रसिद्ध झाल्यावर आणखी ३० दिवस थांबावं लागतं. नोटीस तीन महिनेच चालते, तेवढ्यात लग्न झालं नाही तर पहिल्यापासून. दुसऱ्याचं कायमचं घर वेगळ्या जिल्ह्यात असेल तर प्रत तिथेही जाते. मुंबईत राहणारी मुलं मुंबईत नोटीस देतात आणि समजतात गावाला कळणार नाही. कळतं. हरकत मात्र कायद्यातल्या मोजक्याच कारणांवर घेता येते: आधीचं लग्न, वय, निषिद्ध नातं वगैरे. ‘पोरगी गोरी आहे’ हे कारण नाही.

५. इंग्लंडमध्ये मशिदीत निकाह झालाय, रजिस्टर ऑफिसात गेलो नाही. चालतं ना?

नाही चालत. इंग्लंडच्या कायद्यात नुसता निकाह म्हणजे लग्नच नव्हे. २०२० साली तिथल्या अपील न्यायालयानेही असा निकाह विवाह म्हणून धरायला नकार दिला. मोडला तर बाईला पत्नी म्हणून पोटगी नाही, घरात वाटा नाही. लग्न जिथे लागतं तिथल्या कायद्याने धड असावं लागतं, म्हणून भारतात येऊनही त्याच निकाहावर फार जोर देता येत नाही. तिथे आधी सरकारी लग्न करा. उलट भारतात रीतसर झालेलं लग्न ब्रिटनमध्ये मानलं जातं.

६. मेहर किती लिहावा? ‘प्रतीकात्मक’ ठेवू म्हणतात.

मेहर हा बायकोचा हक्क आहे, हुंड्याच्या नेमका उलटा: नवऱ्याने बायकोला द्यायचा. परदेशी मुली हसून ‘मला कशाला पैसे’ म्हणतात, सासरचेही खूश होतात आणि निकाहनाम्यात एका जेवणाच्या किमतीएवढी रक्कम पडते. असं करू नका. सोन्यात लिहा, ग्रॅममध्ये, म्हणजे रुपया घसरला तरी हक्क घसरत नाही. किती लगेच द्यायचा आणि किती नंतर, हेही लिहून घ्या. लगेचचा भाग न दिल्यास बायको एकत्र राहायला नकार देऊ शकते. आणि ‘बायकोने मेहर माफ केला’ हे पहिल्या रात्री वदवून घ्यायची जी रीत काही घरांत आहे, तिला माझ्या मते नीट नाव दबाव असंच आहे.

७. बुरखा घालावा लागेल का?

भारतात कायद्याने कुणावर सक्ती नाही. घराघरात काय होतं ते मात्र घराघरावर. माझी आजी नऊवारी नेसायची आणि डोक्यावर पदर घ्यायची, तिच्या पिढीतल्या कुणी काळा बुरखा अंगावर घेतलेला मला आठवत नाही. अबाया, म्हणजे अंगभर काळा झगा, आमच्याकडे आला तो बऱ्याच अंशी कुवेत-दुबईच्या कमाईबरोबर. त्यामुळे ‘आपली जुनी परंपरा’ असं कुणी सांगितलं तर फोटोंचा अल्बम काढून बघायला सांगा.

प्रत्यक्षात परदेशी सुनेला मोहल्ल्यात लोक बऱ्यापैकी सूट देतात. पूर्ण बाह्या, सैल सलवार-कुर्ता, अजान होताना किंवा मय्यतीच्या घरी डोक्यावर ओढणी, एवढं केलं की म्हाताऱ्या बायका कौतुक करायला लागतात. भांडण होतं ते वेगळ्याच ठिकाणी. नवरा लंडनमध्ये काही बोलत नाही आणि चिपळूण स्टेशनवर उतरताना एकदम ओढणी पुढे करतो. वहिनी म्हणायची, ओढणीचा राग नव्हता, गाडीत बसताना का नाही सांगितलंस याचा होता. त्याला काय हवंय आणि त्याच्या आईला काय हवंय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही विमानात बसण्याआधी विचारून घ्या.

८. सगळ्यांबरोबर एकाच घरात राहावं लागतं का?

रीत तशी आहे, शरियत तशी नाही. फिकहप्रमाणे बायकोला स्वतःचं वेगळं, कुलूप लावता येईल असं राहतं ठिकाण मागायचा हक्क आहे. हे मोहल्ल्यातल्या पुष्कळ सासवांना माहीत नाही आणि माहीत झालेलं आवडत नाही. बुरखा, नमाज, जेवण या सगळ्यापेक्षा मी या एका गोष्टीला जास्त वजन देते. वेगळं दार आणि वेगळी चूल असलेल्या सुना टिकतात. सहा जावांच्या स्वयंपाकघरात, भाषा येत नसताना, सकाळी भाकऱ्यांच्या वेळी कोपऱ्यात उभी राहणारी मुलगी कितीही समजूतदार असली तरी कोमेजते. माजघराला लागून एक खोली आणि मागचं दार काढून दिलंत तरी पुरे.

९. नवरा चांगला आहे, पण नमाजच्या वेळी मी टॉवेल द्यायला गेले तर हात मागे घेतो. माझी किळस वाटते का?

हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की वेगळा ठेवला. किळस नाही. शाफई मजहबात पुरुष आणि मेहरम नसलेली (म्हणजे जिच्याशी निकाह कायमचा निषिद्ध नाही अशी) बाई यांची त्वचा त्वचेला लागली की वुजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुऊन केलेली शुद्धी, तुटतो, आणि बायकोही त्यातच धरतात. वुजू करून आलेल्या नवऱ्याच्या हाताला तुमची बोटं लागली तर त्याला परत मोरीवर जाऊन हातपाय धुवावे लागतात. हनफी घरात हा नियम नाही, म्हणून लखनौ किंवा लाहोरच्या मैत्रिणीला विचारलंत तर ती म्हणेल असं काही नसतंच. टॉवेल खुंटीवर ठेवा. आणि नवऱ्यांनो, एका वाक्यात सांगून टाका, हिला वर्ष वर्ष स्वतःला आरशात बघत बसवू नका.

१०. सासऱ्यांसमोर डोकं उघडं चालतं, दिरासमोर नाही. हे कसं?

सासरा लग्नामुळे कायमचा मेहरम होतो, वडिलांसारखा. दीर होत नाही, उद्या नवरा वारला तर दिराशी निकाह होऊ शकतो म्हणून. इंग्लंडात दिराला मिठी मारून भेटणं साधी गोष्ट, इथे दीर बिचारा भिंतीला चिकटतो. हात जोडा किंवा सलाम म्हणा. नणदेच्या नवऱ्यालाही हाच नियम.

११. खाणं, दारू, कुत्रा?

खाण्याचा प्रश्न सगळ्यात कमी. शाफईंना कोळंबी चालते, त्यामुळे आमच्या घरी ताटात तांदळाची भाकरी, कोळंबीचं कालवण, सुकट, सणाला सांदण. डुकराचं मांस आणि दारू घरात आणू नये, इथे मी सासूच्या बाजूने. तिच्या घरात तिचे नियम. तुमच्या वेगळ्या घरात काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा.

कुत्रा हे खरं प्रकरण. शाफई मतात कुत्र्याची लाळ फार नापाक: भांड्याला लागली तर सात वेळा धुवायचं, त्यातली एक खेप मातीने. कपड्याला ओलं नाक लागलं तरी नमाजचे कपडे बदलायचे. कोंबड्या आणि मांजरींना आमच्याकडे माजघरापर्यंत मोकळीक, कुत्रा अंगणात. तुमचा लॅब्रॅडोर बरोबर येणार असेल तर तो विषय साखरपुड्याआधी काढा. मी लग्नं धर्मावरून मोडताना जितकी पाहिली नाहीत तितकी…बरं, राहू दे.

१२. रोजे आणि पाळी यांचं काय?

मुसलमान नसलेल्या सुनेवर रोजा नाही. दिवसा सगळ्यांसमोर खाऊ नये एवढी रीत पाळली की झालं. इफ्तारला बसलंच पाहिजे, कारण वर्षभरातलं उत्तम जेवण तेव्हाच असतं. पाळीच्या दिवसांत नमाज-रोजा माफ. बाजूला बसणं, स्वयंपाकघरात न जाणं, शिवाशिव, हे आमच्यात नाही. हे मी खास माझ्या हिंदू मैत्रिणींसाठी लिहिलं, त्या दरवेळी विचारतात.

१३. नाताळ करता येईल का?

किताबी बायकोला तिचा धर्म पाळायचा हक्क आहे, चर्चला जायचाही. दिवाणखान्यात झाड सजवायचं की आपल्या खोलीत, ही बोलणी घरात होतात. आमच्या घरी पहिल्या वर्षी खोलीत होतं, आता पुतण्यांमुळे ओटीवर आलंय.

१४. मुलांचा धर्म, नाव, खतना (सुंता) कोण ठरवणार?

सासरच्या लेखी हे ठरलेलंच असतं: बाप मुसलमान म्हणून मूल मुसलमान. शाफई मजहबात मुलाचा खतना वाजिब, म्हणजे करायलाच हवा. परदेशी आईला हा धक्का बाळंतपणाच्या खाटेवर बसू नये. लग्नाआधी हो किंवा नाही स्पष्ट बोला. करायचाच असेल तर डॉक्टरकडे, दवाखान्यात. नाव दोन्ही भाषांत नीट उच्चारता येईल असं ठेवा, सारा, आदम, युसूफ, मरियम अशी कितीतरी दोन्हीकडची आहेत.

आणखी एक बारीक गोष्ट. बाळाला जावेने किंवा नणदेने प्रेमाने अंगावर पाजलं, तर शाफई मतात पाच वेळा पाजल्यावर दुधाचं नातं तयार होतं आणि ती मुलं सख्ख्या भावंडांसारखी होतात, त्यांचं आपसांत लग्न होत नाही. चुलत-मामेभावंडांत लग्नं होणाऱ्या घरात म्हातारी म्हणूनच ‘कुणी पाजलं?’ हे इतक्या काळजीने विचारते.

१५. तिचा व्हिसा, नागरिकत्व? मुलांचं?

लग्न झालं म्हणून नागरिकत्व आपोआप मिळत नाही. भारतीयाच्या पत्नीसाठी एक्स व्हिसा असतो. लग्नाची नोंदणी होऊन ते सलग दोन वर्षं टिकलं की ओसीआय कार्डाचा (भारतात कायम ये-जा करायची आणि राहायची मुभा देणारं कार्ड, नागरिकत्व नव्हे) अर्ज करता येतो. घटस्फोट झाला तर ते रद्द होऊ शकतं, हे लक्षात ठेवा. पूर्ण नागरिकत्वासाठी अर्जाआधी सात वर्षांचं वास्तव्य लागतं आणि स्वतःच्या देशाचा पासपोर्ट सोडावा लागतो. बहुतेक जणी ओसीआयवर थांबतात, शहाणपणा करतात.

मूल भारतात जन्मलं आणि आईबापांपैकी एक भारतीय, दुसरा बेकायदा राहणारा नसेल, तर मूल जन्माने भारतीय. परदेशात जन्मलं तर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते आणि दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसल्याचं लिहून द्यावं लागतं. दोन पासपोर्ट भारत मानत नाही.

१६. पासपोर्ट सासूबाई कपाटात ठेवते म्हणतात. ‘सुरक्षित राहतो.’

पासपोर्ट तिच्याकडेच राहील. यावर चर्चा नाही. भारतातून बाहेर जायला बायकोला नवऱ्याची परवानगी लागत नाही. मारहाण, कोंडून ठेवणं, खर्च न देणं असं काही झालं तर कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ परदेशी बायकोलाही लागू आहे, धर्म कुठलाही असो. राहत्या घरात राहण्याचा हक्कही त्यातच मिळतो, घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी त्यासाठी मागणी करता येते.

१७. नवरा वारला तर तिला काय मिळतं?

इथे प्रश्न ३ चा खरा हिशोब दिसतो. समजा सासू-सासरे हयात नाहीत, मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि २४ लाखांची मालमत्ता.

नुसता निकाह आणि बायको मुसलमान: तिला आठवा हिस्सा म्हणजे ३ लाख, मुलाला १४, मुलीला ७. नुसता निकाह आणि बायको ख्रिश्चन: परंपरेने गैरमुस्लिम वारस होत नाही, म्हणून तिला शून्य, मुलाला १६, मुलीला ८. स्पेशल मॅरेज ॲक्ट: बायकोला ८, मुलाला ८, मुलीला ८.

दुसरी बाजूही सांगते, कारण ती लपवली तर पुढे भांडण होतं. मुस्लिम कायद्यात मुलाच्या मालमत्तेत आईबापाला प्रत्येकी सहावा हिस्सा असतो. भारतीय वारसा कायद्यात मुलंबाळं असली की आईबापाला काहीच नाही. गावातलं घर मुलाच्या नावावर करून बसलेल्या म्हातारीच्या दृष्टीने हा मोठा फटका आहे. म्हणून मी जोडप्यांना सांगते, आईसाठी काय ठेवायचं ते जिवंतपणी हिबा म्हणजे बक्षीस करून द्या, म्हणजे सुनेकडे बोट दाखवायला कुणाला जागा राहणार नाही. नुसता निकाहच ठेवायचा असेल तर ख्रिश्चन बायकोच्या नावे वसियत म्हणजे मृत्युपत्र करा. मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत ती चालते.

आंब्याची बाग तिच्या नावावर विकत घेऊ का, असंही विचारतात. नाही. ओसीआयवर फ्लॅट घेता येतो. शेतजमीन, बागायत, फार्महाऊस नाही.

१८. त्याने दुसरं लग्न केलं, किंवा फोनवर तीनदा तलाक म्हटलं तर?

फोनवर, व्हॉट्सॲपवर, तोंडावर, एका दमात तीन तलाक म्हणणं आता निरर्थक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ते रद्द ठरवलं आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत कैद. महिन्या-महिन्याच्या अंतराने दिला जाणारा तलाक मात्र नुसत्या निकाहात अजून चालतो. स्पेशल मॅरेज ॲक्टखाली यातला एकही चालत नाही, कोर्टातच जावं लागतं. संमतीचा घटस्फोट हवा असेल तर आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं.

दुसरं लग्न: नुसत्या निकाहात कायदा त्याला अडवत नाही. स्पेशल मॅरेज ॲक्टखाली ते रद्द आणि गुन्हा. पोटगीबद्दल: घटस्फोटित मुसलमान बाईलाही फौजदारी प्रक्रियेतल्या सर्वसाधारण तरतुदीखाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं. ब्रिटनमध्ये बसून दिलेला तोंडी तलाक ब्रिटन मानत नाही, तिथेही कोर्टच.

१९. मी लग्नासाठी इस्लाम स्वीकारला. आता परत चर्चला जायला लागले. लग्न तुटलं का?

हा सगळ्यात किचकट. मुस्लिम विवाहविच्छेद कायदा, १९३९ च्या कलम ४ प्रमाणे मुसलमान बायकोने धर्म सोडला तरी नुसत्या तेवढ्याने लग्न तुटत नाही. पण त्याच कलमात अपवाद आहे: जी बाई दुसऱ्या धर्मातून इस्लाममध्ये आली आणि आपल्या आधीच्या धर्मात परतली, तिला हे संरक्षण नाही. म्हणजे जन्माने मुसलमान असलेल्या बाईचं लग्न टिकतं आणि धर्मांतर केलेल्या परदेशी सुनेचं लटकतं. ओसीआय, वारसा, सगळं त्याबरोबर. तुमचं लग्न स्पेशल मॅरेज ॲक्टखाली नोंदलेलं असेल तर ही भीती नाही. नसेल तर आधी वकील गाठा, मग काय ते जाहीर करा.

२०. मुलांना घेऊन मायदेशी परत जाता येईल का? किंवा नवऱ्याने त्यांना इथे आणून ठेवलं तर?

मुलांच्या परदेशी पळवापळवीबद्दलच्या १९८० च्या हेग कराराचा भारत सदस्य नाही. म्हणून ‘ब्रिटनच्या कोर्टाने आदेश दिला, मुलं परत पाठवा’ असं यांत्रिकपणे होत नाही, इथलं कोर्ट मुलाचं हित बघून ठरवतं. ब्रिटन सदस्य आहे, पण भारत नसल्याने उलट दिशेनेही करार कामाला येत नाही. ‘सुट्टीला गावी जाऊ’ म्हणून निघताना परतीची तिकिटं आणि मुलांचे पासपोर्ट आईच्या हातात असावेत. संशय असेल तर निघण्याआधी तिथल्या वकिलाशी बोला. विमान उतरल्यावर बोलून खर्च दसपट होतो.

२१. जमातीने वाळीत टाकायची धमकी दिली आहे.

कोकणात गावोगाव जमात असते; कब्रस्तान, मशीद, निकाहाचं दफ्तर तिच्याकडे. म्हणून धमकी पोकळ नसते. पण महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तो जातपंचायतींपुरता नाही, धार्मिक समूहालाही लागतो. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझा अनुभव असा की पोलिसांत जायची वेळ क्वचित येते. वकिलाचं पत्र मराठीत, साध्या भाषेत, कलम लिहून जमातीच्या अध्यक्षाला गेलं की बहुतेक वेळा चहाला बोलावणं येतं.

२२. ती आधी वारली तर दफन कुठे?

ख्रिश्चन राहिली असेल तर मुसलमान कब्रस्तानात जागा मिळेल असं धरून चालू नका. जवळचं ख्रिस्ती दफनस्थान कुठे आहे, तिथल्या पाद्रींची ओळख आहे का, हे आधी बघून ठेवा. आमच्यात मय्यत शक्यतो त्याच दिवशी उचलतात, त्यामुळे त्या वेळी शोधाशोध करायला सवड नसते. माहेरी पाठवायचं असेल तर वकिलातीची परवानगी आणि शवलेपन लागतं, त्यात दिवस जातात. तिने आपली इच्छा दोन ओळींत लिहून ठेवावी.

२३. कुठले कागद आधीपासून गोळा करावेत?

मुलीचा जन्मदाखला आणि अविवाहित किंवा घटस्फोटित असल्याचा दाखला, तिच्या देशाचा अपोस्टिल (परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून मारलेला सरकारी) शिक्का मारून. दोघांच्या पासपोर्टच्या प्रती. मुलाचा रहिवासाचा पुरावा. निकाहनामा उर्दूत असेल तर प्रमाणित भाषांतर, आणि त्यावर वली, साक्षीदार, मेहर हे तिन्ही रकाने भरलेले आहेत का ते सही करण्याआधी वाचा.

नाव मात्र पासपोर्टवर आहे तेच सगळीकडे लिहा. निकाहाच्या दिवशी आत्या-मावश्या लाडाने ‘हिचं नाव आता आयेशा’ ठरवतात आणि मुन्शी तेच दफ्तरात चढवतो. घरात आयेशा म्हणायला कुणाची हरकत नाही. पण ओसीआयच्या खिडकीवरचा कारकून विचारतो, ही आयेशा कोण, आणि मग शपथपत्र, राजपत्रातली जाहिरात, जमातीचा खुलासा असा फेरा सुरू होतो. दफ्तरात पासपोर्टवरचं नाव आणि पुढे ‘उर्फ’ लिहून घेतलंत तर दोन्ही कामं होतात.